चौघांच्या प्रकल्पाला सीआय लावताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. चौघांनी मिळून लिहिलेली पायथनची एक मुक्तस्रोत लायब्ररी आहे. आकड्यांतली रक्कम आणि तारीख ती मराठी अक्षरांत लिहून देते, चेकवर आपण 'अक्षरी रुपये' लिहितो तशी. कोड गिटहबवर आहे. टेस्ट थोड्याफार आहेत, पण त्या कोणी आणि केव्हा चालवायच्या हे ठरलेलं नाही. बाहेरच्या कुणाची पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडात बदल सुचवणारी विनंती, मर्ज केली (मुख्य कोडात मिसळली) आणि लाखापुढचे आकडे बिघडल्याचं रिलीजनंतर कळलं, असं दोनदा झालं. आता सीआय, म्हणजे दर बदलागणिक टेस्ट आपोआप चालवणारी व्यवस्था, लावायचंय. सुरुवात कुठून करायची, सेवा कोणती घ्यायची, विंडोज आणि मॅकवरही टेस्ट चालवायच्या का?

देवनागरीशी झटापट करणारे असले छोटे प्रकल्प मी बरीच वर्षं सांभाळत आले आहे, त्यामुळे उत्तर लांबणार आहे. घाईत असाल तर एवढंच घ्या: गिटहब ॲक्शन्स, म्हणजे गिटहबचीच सीआय सेवा, वापरा, लिनक्सवर दोन आणि विंडोजवर एक असे तीन जॉब (एका मशिनवरची एक पूर्ण तपासणी म्हणजे एक जॉब) ठेवा, मॅक सध्या सोडून द्या, आणि लाल खूण दिसली म्हणजे खरंच काहीतरी मोडलंय अशी खात्री चौघांनाही वाटेल इतकंच त्यात घाला. ज्या सीआयची लाल खूण बघून लोक 'परत रन कर, होईल हिरवं' म्हणतात, ते नसलेलं परवडतं.

यॅमल फाइल, म्हणजे सीआयने काय करायचं ते सांगणारी फाइल, लिहायला बसण्याआधी एक काम करा. रिपो, म्हणजे गिटहबवरचा तुमचा कोडसंग्रह, एका रिकाम्या फोल्डरात नव्याने क्लोन करा (उतरवून घ्या), नवं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट बनवा आणि रीडमीत जेवढं लिहिलंय तेवढंच करून टेस्ट चालवा. बहुतेक प्रकल्प इथेच अडखळतात. माझ्या पहिल्या प्रकल्पात टेस्टना लागणारी शब्दांची फाइल गिटइग्नोरमधल्या (गिटने कोणत्या फाइली सोडून द्यायच्या त्या यादीतल्या) एका सैल ओळीमुळे कधी कमिटच झाली नव्हती. माझ्या लॅपटॉपवर ती होती, म्हणून दीड वर्ष सगळं सुरळीत चाललं होतं. ज्यांनी कुणी क्लोन करून बघितलं त्यांनी बहुधा मुकाट्याने डिलीट केलं असणार. सीआय म्हणजे शेवटी हेच, दर बदलागणिक कोणीतरी कोऱ्या मशिनवर शून्यापासून सगळं करून बघणं.

कोऱ्या फोल्डरात टेस्ट चालल्या की ते सगळं एका आज्ञेत बसवा. मेकफाइल चालेल, नॉक्स हे पायथनचं साधन चालेल, चार ओळींची स्क्रिप्टही चालेल. तुमच्यात कोणी विंडोजवर काम करत असेल तर नॉक्स घ्या, कारण मेक तिथे आयतं मिळत नाही. ही आज्ञा लॅपटॉपवर जशी चालते तशीच सीआयमध्ये चालली पाहिजे. यॅमलमध्ये फक्त 'पायथन बसव, अवलंबित्वं बसव, ही आज्ञा चालव' एवढंच असावं.

हा हट्ट का, ते सेवा निवडण्याच्या मुद्द्याशी जोडलेलं आहे. २०११ पासून मुक्तस्रोत जगात सीआय म्हणजे ट्रॅव्हिस असंच समीकरण होतं. जानेवारी २०१९ मध्ये ती कंपनी आयडेराने विकत घेतली, नोव्हेंबर २०२० मध्ये मोफत बिल्डवर मर्यादा आल्या आणि जून २०२१ मध्ये मुक्तस्रोत प्रकल्पांसाठीचं जुनं संकेतस्थळ बंद झालं. कितीतरी प्रकल्पांना बस्तान हलवावं लागलं. ज्यांनी सगळी अक्कल यॅमलमध्ये ओतली होती त्यांचे आठवडे गेले. ज्यांच्या यॅमलमध्ये एका आज्ञेपलीकडे काही नव्हतं त्यांचं काम एका संध्याकाळीत उरकलं. आज सार्वजनिक रिपोसाठी गिटहब ॲक्शन्सची साधी मशिनं मोफत आहेत आणि तुमचा कोडही तिथेच आहे, म्हणून तेच घ्या. पण ते कायम असंच राहील हे गृहीत धरू नका. कोड गिटलॅबवर असता तर तिथलंच सीआय घ्या म्हणाले असते, कोडबर्गवर असता तर वुडपेकर. स्वतःचा जेनकिन्स सर्व्हर चालवायच्या फंदात मात्र चौघांनी पडू नये. लायब्ररी बाजूला राहील आणि तुम्ही सर्व्हरचे अपडेट करत बसाल.

आता प्रत्यक्ष फाइल. डॉट गिटहब फोल्डर, त्यात वर्कफ्लोज फोल्डर, त्यात एक यॅमल फाइल; तीच तुमचा वर्कफ्लो. पुल रिक्वेस्ट आली की आणि मुख्य ब्रँचवर पुश झालं की ती चालावी. पहिल्या दिवशी एकच जॉब ठेवा: उबुंटू, पायथनची एकच आवृत्ती. तो हिरवा झाला की मॅट्रिक्स करा, म्हणजे तोच जॉब वेगवेगळ्या आवृत्त्यांवर आणि सिस्टिमवर चालवा. तुम्ही पाठिंबा देता ती सर्वांत जुनी पायथन आवृत्ती आणि सर्वांत नवी, दोन्ही लिनक्सवर; शिवाय नवी आवृत्ती विंडोजवर. मधल्या आवृत्त्यांवर वेगळं काही मोडल्याचं शुद्ध पायथन लायब्ररीत मी फार क्वचित पाहिलंय.

आवृत्तीचा आकडा अवतरणचिन्हांत लिहा. ऑक्टोबर २०२१ मध्ये पायथन ३.१० आलं तेव्हा अनेकांनी मॅट्रिक्समध्ये उघडाच ३.१० लिहिला. यॅमलच्या लेखी तो दशांश अपूर्णांक, म्हणजे ३.१. मग सीआय पायथन ३.१ शोधायला निघालं आणि 'सापडत नाही' म्हणून थांबलं. संदेश वाचूनही अर्धा तास काही उमगत नाही, कारण आपल्या फाइलीत तर ३.१० स्वच्छ दिसत असतं.

आणखी दोन किल्ल्या पहिल्याच दिवशी फिरवून ठेवा. जॉबची वेळमर्यादा मुळात ६ तासांची असते. तुमच्या टेस्ट मिनिटभरात संपणार, तर मर्यादा १० मिनिटांवर आणा. नाहीतर कुठलंतरी अनंत लूप सकाळपर्यंत मशिन अडवून बसेल. दुसरी किल्ली फेल-फास्टची. मॅट्रिक्समधला एक जॉब पडला की बाकीचे रद्द करायचे, ही मूळ सवय आहे. ती बंद करा. 'फक्त विंडोजवर मोडलं' आणि 'सगळीकडे मोडलं' या दोन अगदी वेगळ्या बातम्या आहेत, आणि बाकीचे जॉब रद्द झाले तर त्यांतली कोणती खरी ते कळत नाही.

विंडोजवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण देवनागरीवाल्यांचं खरं दुखणं तिथे आहे. पायथनमध्ये फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरांचे बाइट कसे करायचे तो तक्ता) सांगितलं नाही तर लिनक्सवर यूटीएफ-८ धरलं जातं आणि विंडोजच्या सीआय मशिनवर सीपी १२५२, म्हणजे पश्चिम युरोपीय भाषांचा जुना तक्ता. तुमच्या शब्दांच्या फाइलीत 'मराठी' हा शब्द असेल तर विंडोजवर तो कुठलीही तक्रार न करता वाचला जातो, फक्त हातात पडतो तो लॅटिन अक्षरांचा कचरा. 'महाराष्ट्र' असेल तर मात्र प्रोग्राम तिथल्या तिथे कोसळतो. असं का? त्या तक्त्यात पाच जागा रिकाम्या आहेत, आणि अक्षराचा पाय मोडणाऱ्या चिन्हाचा, म्हणजे हलन्ताचा, शेवटचा बाइट नेमका त्यांतल्या एका जागेवर पडतो. 'मराठी'त जोडाक्षर नाही, 'महाराष्ट्र'त आहे. 'ए', 'ऐ' आणि 'झ' यांचंही तेच, त्यांचे बाइटही त्या रिकाम्या जागांवर येतात. तुमच्या तक्त्यात 'दोन', 'तीन', 'चार', 'पाच' निमूटपणे चुकीचे वाचले जातील आणि 'एक' वर एरर येईल. हे माहीत नसलेला माणूस 'एक'मध्ये काय बिघडलंय ते शोधत दिवस घालवतो. मी घालवलेला आहे.

उपाय म्हणजे प्रत्येक ठिकाणी एन्कोडिंग स्पष्ट लिहिणं. पायथन ३.१५ पासून यूटीएफ-८ हेच मूळ एन्कोडिंग करायचं ठरलंय, पण जुन्या आवृत्त्या वापरणारे लोक कुठे जाणार आहेत? पायथन ३.१० पासून एक सोय आहे: एन्कोडिंग न सांगता फाइल उघडली तर इशारा देणारी. सीआयमध्ये तो इशारा चालू करून त्याची थेट एरर करा, म्हणजे लिनक्सच्या जॉबमध्येही चूक पकडली जाईल. ओळींच्या शेवटांचंही एक आहे. विंडोजवर गिट चेकआउट करताना ते बदलू शकतं आणि अपेक्षित उत्तरांच्या फाइली जुळत नाहीत. गिटॲट्रिब्यूट्स फाइलीत एक ओळ टाकली की प्रश्न मिटतो.

दुसरी गंमत कुठल्याही ऑपरेटिंग सिस्टिमवर होऊ शकते. तुमच्यासारख्याच एका लायब्ररीत नवीन आलेल्या एका मुलाने संख्यांचा तक्ता स्वच्छ टाइप करून पाठवला. शंभरांपैकी तीनच टेस्ट पडल्या: ७४, ८४ आणि ९४. लॉगमध्ये अपेक्षित उत्तर 'चौऱ्याऐंशी', मिळालेलं उत्तर 'चौऱ्याऐंशी'. दोन्ही ओळी डोळ्यांना हुबेहूब सारख्या. तो बिचारा तीन वेळा शुद्धलेखन तपासून आला. झालं होतं असं की हा अर्धा 'र', आडवी रफार म्हणतो तो, दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक, 'ऱ' या स्वतंत्र अक्षराला हलन्त. दुसरं, साध्या 'र'ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर एकच आकृती, बाइट वेगळे. आणि यूनिकोडचं नॉर्मलायझेशन या दोघांना एक करत नाही, ते लायब्ररीतच हाताळावं लागतं. एक रूप ठरवा, तक्त्यात दुसरं रूप सापडलं तर नाव घेऊन सांगणारी वेगळी टेस्ट लिहा, आणि टेस्ट पडली की अक्षरांबरोबर त्यांचे यूनिकोड क्रमांकही छापले जातील असं करा. लॉग वाचणाऱ्याला चूक दिसली पाहिजे.

टेस्टचा विषय निघालाच आहे तर, तुमच्या लायब्ररीत १ ते ९९ या प्रत्येक संख्येची टेस्ट हवी. इंग्रजीत वीसच्या पुढे नियम चालतो. आपल्याकडे एकोणसाठ, एकोणसत्तर, पासष्ट, सदुसष्ट, सगळी मंडळी आपापल्या मर्जीची. नमुन्यादाखल पाच-सहा संख्या तपासून भागत नाही. त्यापुढे सांधे तपासा: १०० चं 'शंभर' पण १०१ चं 'एकशे एक', ९९,९९९ नंतर एक लाख, ९९,९९,९९९ नंतर एक कोटी. तुमची दोन्ही रिलीज बिघडली ती इथेच कुठेतरी. या सगळ्या टेस्ट सेकंदभरातही होतात.

तारखेच्या फंक्शनबद्दल एक सूचना. सीआयची मशिनं यूटीसी, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या, वेळेवर चालतात. कोड भारतीय वेळ धरत असेल आणि टेस्ट मशिनची 'आजची तारीख' विचारत असेल, तर मध्यरात्री १२ ते पहाटे ५:३० या वेळात दोघांत एका दिवसाचा फरक पडतो. दिवसा हिरवं, रात्री लाल. आपल्यातले बहुतेक जण नोकरी सांभाळून रात्रीच कोड लिहितात, त्यामुळे हे भूत वारंवार दिसतं आणि सकाळी तपासायला जावं तर गायब. टेस्टमध्ये 'आज' कधीच विचारू नका, ठरावीक तारीख द्या.

सीआय हिरवं झाल्याशिवाय मर्जचं बटण चालू नये, हे मुख्य ब्रँचच्या नियमांत घालता येतं आणि घालावंच, चौघांनाही लागू होईल असं. इथे दोन खड्डे आहेत. फक्त डॉक्युमेंटेशन बदललं तर टेस्ट कशाला, म्हणून लोक वर्कफ्लोला फाइलींच्या वाटांची चाळणी लावतात. मग रीडमीतली एक वेलांटी सुधारणारी पुल रिक्वेस्ट कायम 'प्रतीक्षेत' लटकते, कारण सक्तीची तपासणी सुरूच होत नाही. तुमच्या टेस्ट मिनिटभराच्या आहेत, चाळणी लावूच नका. दुसरा खड्डा जास्त खोल आहे. मॅट्रिक्समधल्या जॉबच्या नावात पायथनची आवृत्ती येते, आवृत्ती बदलली की नाव बदलतं आणि जुन्या नावाची सक्ती तशीच राहते. म्हणून लोक शेवटी 'सगळं ठीक' नावाचा एक जॉब लावतात, बाकी सगळ्यांवर अवलंबून असलेला, आणि सक्ती फक्त त्याची करतात. कल्पना उत्तम. पण आधीचा जॉब पडला तर हा शेवटचा जॉब वगळला जातो, आणि वगळलेला जॉब गिटहबच्या हिशेबी पास! म्हणजे टेस्ट पडल्यात आणि मर्जचं बटण हिरवं. त्या जॉबला 'काहीही झालं तरी चाल' अशी अट द्या आणि आधीच्या प्रत्येक जॉबचा निकाल खरंच 'यशस्वी' आहे का, हे त्यात तपासा.

बाहेरच्या लोकांचा कोड तुमच्या नावावर चालणार आहे, तेव्हा सुरक्षेचं बघावं लागेल. फोर्कमधून, म्हणजे बाहेरच्या माणसाने काढलेल्या तुमच्या रिपोच्या प्रतीतून, आलेल्या पुल रिक्वेस्टला गिटहब तुमची गुपितं, म्हणजे पासवर्ड आणि टोकन, देत नाही. हे चांगलं आहे, ते तसंच राहू द्या. कधीतरी 'फोर्कवाल्यांना टोकन मिळत नाही' म्हणून कुणीतरी 'पुल-रिक्वेस्ट-टार्गेट' हा पर्याय सुचवेल. त्यात वर्कफ्लो तुमच्या रिपोच्या अधिकारांनिशी चालतो. तिथे फोर्कमधला कोड चेकआउट करून चालवलात तर घराची किल्ली अनोळखी माणसाच्या हातात दिल्यासारखं होतं. तुम्हाला त्याची गरज नाही. टोकनचे अधिकार वर्कफ्लोच्या सुरुवातीलाच 'फक्त वाचन' करून ठेवा. पहिल्यांदाच योगदान देणाऱ्याचा रन तुमच्या मंजुरीशिवाय सुरू होत नाही, ही व्यवस्था २०२१ मध्ये आली. मोफत मशिनांवर लोक आभासी चलनाचं खाणकाम करायला लागले होते. मंजुरी देण्याआधी बदल वाचा, विशेषतः वर्कफ्लोच्या फाइलींतला.

इतरांच्या तयार ॲक्शन (वर्कफ्लोत जोडायचे तयार तुकडे) वापरताना टॅगवर, म्हणजे आवृत्तीच्या नावाच्या खुणेवर, भरवसा ठेवू नका. मार्च २०२५ मध्ये टीजे-ॲक्शन्सची 'चेंज्ड-फाइल्स' ही लोकप्रिय ॲक्शन कुणीतरी ताब्यात घेतली आणि तिचे जुने टॅग दुष्ट कमिटकडे वळवले. ती वापरणाऱ्या २३ हजारांहून अधिक रिपोंना धोका होता, आणि ज्यांच्याकडे तो कोड चालला त्यांची गुपितं लॉगमध्ये छापली गेली. टॅग हलवता येतो, कमिटचा ४० अक्षरी हॅश हलवता येत नाही. हॅश लिहा, शेजारी टिप्पणीत आवृत्ती लिहा, आणि ते अद्ययावत ठेवायचं काम गिटहबच्या डिपेंडाबॉटला द्या. पायपीआयवर, म्हणजे पायथन लायब्रऱ्यांच्या सार्वजनिक भांडारात, रिलीजही सीआयमधून करणार असाल तर कायमचं टोकन साठवू नका; २०२३ पासून तिथे 'ट्रस्टेड पब्लिशिंग' आहे, ते रिलीजच्या वेळी तात्पुरती परवानगी देतं.

आठवड्यातून एकदा, कुणी काही बदललं नसलं तरी, टेस्ट चालवणारा रन ठेवा. तुमचा कोड तोच राहतो, पण खालच्या लायब्रऱ्या बदलत असतात. वेळ यूटीसीत लिहायची, म्हणजे आपल्या पहाटे ३ साठी आदल्या रात्रीचे २१:३०. सार्वजनिक रिपोत ६० दिवस काहीच हालचाल झाली नाही तर गिटहब हे वेळापत्रक बंद करतं. दिवाळीनंतर प्रकल्प थंडावला आणि होळीला कुणाला आठवण झाली, तर आधी ते चालू आहे का बघा.

फॉरमॅटिंगच्या तपासण्यांबद्दल माझं मत जरा तिखट आहे. कुणीतरी आयुष्यातली पहिली पुल रिक्वेस्ट पाठवतं, 'सदुसष्ट'मधली चूक दुरुस्त करतं, आणि त्याला उत्तर मिळतं की ओळ ९१ अक्षरांची झाली, नापास. तो परत येत नाही. रफ हे फॉरमॅट तपासणारं साधन वापरा, जरूर वापरा, पण तो जॉब वेगळा ठेवा, सुरुवातीला सक्तीचा करू नका, आणि मर्ज करणाऱ्याने फॉरमॅट स्वतः चालवून टाकावं. कव्हरेजची, म्हणजे टेस्ट कोडाचा किती भाग चालवतात त्याची, टक्केवारी अमुकच्या खाली गेली की नापास, हा नियमही लावू नका. लोक टक्केवारीसाठी टेस्ट लिहू लागतात आणि ७४ मात्र तसाच राहतो.

सगळं लागलं, पुल रिक्वेस्टवर हिरवी खूण आली, की त्याच दिवशी एक ब्रँच काढा, 'शंभर'चं मुद्दाम 'शंबर' करा आणि पुल रिक्वेस्ट टाका. माझ्या एका प्रकल्पात आम्ही टेस्टचा आउटपुट पाइपमधून 'टी' आज्ञेला देत होतो, लॉगची फाइल हाताशी राहावी म्हणून. बॅशमध्ये पाइपचा निकाल शेवटच्या आज्ञेचा धरला जातो, आणि 'टी' कधी नापास होत नाही. गिटहब ॲक्शन्समध्ये शेल म्हणून 'बॅश' असं स्पष्ट लिहिलं तर पाइपफेल (पाइपमधली कुठलीही आज्ञा पडली की सगळं नापास) चालू होतं, काहीच लिहिलं नाही तर होत नाही. आम्ही लिहिलं नव्हतं. चार महिने प्रत्येक पुल रिक्वेस्ट हिरवी होती. 'शंबर' लाल झालं नाही तर आधी तिथे बघा.